नाम इंग्रजी, क्रियापद मराठी

आंबिवली स्टेशनवर उतरून मोहन्याकडे निघालेल्या दोघीजणींचं बोलणं साधारण असं असतं : "पप्पांचा बीपी हाय झाला होता गं. रात्रीच ॲडमिट केलं. सलाईन लावली, ईसीजी काढला, सोनोग्राफी नॉर्मल आली, शुगर मात्र जरा वर आहे. काल डिस्चार्ज मिळाला." एवढ्याशा हकिकतीत आजाराचे आणि उपचाराचे नऊ शब्द इंग्रजी आहेत. क्रियापदं मात्र सगळी मराठी. झाला, केलं, लावली, काढला, आली, आहे, मिळाला. इंग्रजी शब्द मराठी वाक्यात आला तो नामाच्या किंवा विशेषणाच्या जागी. जिथे वाक्य हलतं, ती जागा मराठीने आपल्या हातातून सोडली नाही.

या भागात तर अशा शब्दांची ये-जा फार जुनी. मोहन्यात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची एनआरसी, पलीकडे शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि कल्याणात रेल्वे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानंतर 'ईएसआय' हा शब्द कामगारांच्या घराघरात शिरला. रेल्वेत तर माणूस आजारी पडला की 'सिक'मध्ये जातो आणि बरा झाला की 'फिट' होऊन कामावर येतो. एनआरसी २००९ साली बंद पडली, पण तिच्या आसपास रुजलेली ही दवाखान्याची भाषा बंद पडली नाही. २०२० मध्ये तिच्यात स्वॅब, क्वारंटाइन आणि ऑक्सिजन लेव्हल यांची भर पडली. ज्या आजींना इंग्रजी मुळाक्षरं येत नव्हती, त्यादेखील बोटाला ऑक्सिमीटर लावून 'पंच्याण्णव आहे, नॉर्मल आहे' असं सांगू लागल्या.

म्हणजे आजाराचं इंग्रजी मराठी माणसाला येतच नाही, असं मुळीच नाही. शे-दीडशे शब्द तर सहज येतात, आणि तेही अवघड, शास्त्रीय. अडचण येते ती दुसरीकडेच. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आईच्या पायाला सूज येते आणि तिथली नर्स विचारते, 'हॅज द स्वेलिंग गॉन डाउन?' सोनोग्राफी आणि कोलेस्टेरॉल पचवलेली ही बाई इथे गप्प होते. 'गो' आणि 'डाउन' हे शब्द पहिलीतल्या पोरालाही येतात. ते दोन एकत्र आल्यावर सूज उतरली का असा प्रश्न तयार होतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आपण इंग्रजी दवाखान्यातून नामं उचलली आणि क्रियापदं तिथेच ठेवून आलो. आजारपणाचं इंग्रजी शिकायचं म्हणजे मुख्यतः हीच राहून गेलेली क्रियापदं आणायची आहेत.

साधं क्रियापद आणि त्याला जोडलेला अप, डाउन, ऑफ, आउट यांसारखा छोटा शब्द मिळून वेगळाच अर्थ देतात, त्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. हे नाव रूढ झालं ते लोगन पिअरसल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून, आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं, असं स्मिथ यांनीच नोंदवलं. अडचण मात्र नावापेक्षा जुनी. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं, की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे क्रियापदांची ही जोडणी.

त्याचं मूळ इंग्रजीच्या घडणीत आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि राजदरबार, कायदा, विद्या यांची भाषा फ्रेंच-लॅटिन झाली. घरातली, शेतातली भाषा जर्मानिक वळणाचीच राहिली. वैद्यकाने आपले शब्द पुढे लॅटिन आणि ग्रीकमधून घेतले. म्हणून आजही एकाच त्रासाला इंग्रजीत दोन बोल्या आहेत. डॉक्टर केसपेपरवर 'व्हॉमिटिंग' लिहितो, पेशंट 'आय थ्रू अप' म्हणतो. पुस्तकात 'एक्स्पेक्टोरेशन', घरात 'कॉफिंग अप फ्लेम'. एकीकडे 'सिंकोपी', दुसरीकडे 'शी पास्ड आउट'. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडे जे वैद्यकीय इंग्रजी आलं, ते पहिल्या प्रकारचं, डॉक्टरांच्या बाजूचं. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या बाजूचं इंग्रजी आपल्यापर्यंत आलं नाही, कारण इथला पेशंट मराठीतच कण्हत होता आणि त्याने तसंच कण्हायला हवं होतं.

पण एका मुलीला फार लवकर या दोन्ही बाजूंचं इंग्रजी लागलं, आणि ती मोहन्याच्या शेजारच्याच गावची. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, १८६५ सालचा जन्म, नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोश्यांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. पुढे १८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचलं, तेही दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसलेल्या असताना. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला.

या पत्रव्यवहाराची एक बाजू सहसा बोलली जात नाही. त्या काळात आनंदीबाईंची प्रकृती ढासळत होती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी दम लागणं. मिसेस कार्पेंटर यांनी त्यांच्यासाठी अमेरिकेहून औषधं पाठवली, त्यांचा उपयोग झाला नाही. म्हणजे वैद्यक शिकण्याच्या आधी, पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू झालेल्या या मैत्रीत, समुद्रापलीकडच्या बाईला स्वतःच्या दुखण्याची हकीकत इंग्रजीत कळवण्याचं काम या मुलीने केलं होतं. १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. प्रबंध होता आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. परदेशी विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवणारी बाई म्हणून त्यांचा गौरव होतो आणि व्हायलाच हवा. त्याच्या जोडीला हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे, की कल्याणच्या या मुलीने आजाराची इंग्रजी भाषा आधी पेशंट म्हणून वापरली आणि मग डॉक्टर म्हणून.

आजच्या मराठी वाचकाला ही क्रियापदं वाटतात तेवढी परकी नाहीत, कारण मराठीत हाच खेळ रोज चालतो. 'दुखणं अंगावर काढलं' हे वाक्य घ्या. अंग ठाऊक आहे, काढणं ठाऊक आहे, पण औषध न घेता दुखणं सोसत राहणं हा अर्थ त्या दोन शब्दांच्या बेरजेतून निघत नाही. इंग्रजीत त्याला जवळचं क्रियापद आहे 'पुट अप विथ'. तिथला डॉक्टर विचारतो, 'हाऊ लाँग हॅव यू बीन पुटिंग अप विथ धिस?' म्हणजे किती दिवस अंगावर काढताय. 'डोळे आले', 'तोंड आलं', 'पित्त उठलं', 'उसण भरली', 'अंथरूण धरलं' ही सगळी त्याच जातीची. यांतलं एकही शब्दशः इंग्रजीत नेता येत नाही, तसंच त्यांचंही शब्दशः मराठीत आणता येत नाही. पाठ करण्याआधी हे नातं ओळखलं तर निम्मी भीती जाते.

दिशांचं तर्कशास्त्रही बरंचसं सारखं आहे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८० मध्ये दाखवून दिलं, की इंग्रजीत आरोग्य 'वर' असतं आणि आजार 'खाली'. मराठीला हे कुणी दाखवायची गरज नाही. आपल्याकडे माणूस आजारी 'पडतो', अंथरुणातून 'उठतो', आणि शेजारीपाजारी विचारायला येतात तेव्हा 'आता उठून बसतायत' हे चांगल्या बातमीचं वाक्य असतं. आजार मोजायचा झाला की मात्र दोन्ही भाषांत उलटं : ताप चढतो, बीपी वाढतो, आणि उतरला की बरं वाटतं.

म्हणून 'डाउन'पासून सुरुवात करणं सोयीचं. ताप उतरला म्हणजे 'द फीवर हॅज कम डाउन'. सूज उतरली म्हणजे 'गॉन डाउन'. इथपर्यंत मराठीच चालू आहे. पण त्याच 'कम डाउन'ला पुढे 'विथ' लागलं की अर्थ फिरतो. 'शी हॅज कम डाउन विथ फीवर' म्हणजे ती तापाने आजारी पडली. एका 'विथ'ने उतरलेला ताप पुन्हा चढवला. हा फरक फोनवर ऐकताना सुटला तर गावाकडची माणसं उगाच निश्चिंत होतात.

'अप'चे दोन-तीन स्वभाव आहेत. आतून वर येणं हा पहिला, म्हणून 'थ्रो अप' म्हणजे उलटी होणं आणि 'कॉफ अप' म्हणजे खोकून कफ किंवा रक्त बाहेर टाकणं. वाढणं हा दुसरा, म्हणून 'स्वेल अप', आणि जुनं दुखणं पुन्हा उसळलं की 'फ्लेअर अप'. पुरतं होणं हा तिसरा : चोंदलेलं नाक 'ब्लॉक्ड अप', पुरळ निघून गेलं की 'क्लिअर्ड अप', जखम भरली की 'हील्ड अप'. मराठीत हे काम बऱ्याचदा 'येणे' करतं. पाय सुजून आला, जखम भरून आली, अंग मोडून आलं. 'सुजला' आणि 'सुजून आला' यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला 'स्वेल' आणि 'स्वेल अप' यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

'ऑफ'मध्ये सुटून जाण्याचा भाव आहे. भुलीचा असर उतरतो तेव्हा 'इट वेअर्स ऑफ'. शरीर सर्दी परतवून लावतं तेव्हा 'फाइट ऑफ'. जेवणावरची वासना उडाली तर इंग्लंडात 'शीज गॉन ऑफ हर फूड' म्हणतात. वासना उडणं आणि हे 'ऑफ' यांची जोडी इतकी नेमकी जुळते, की एकदा लक्षात आली तर विसरायची सोय नाही.

'आउट' सर्वांत जपून घ्यायचं. अंगावर पुरळ उठलं की 'ब्रेक आउट इन अ रॅश', टाके काढले की 'टेकन आउट', शुद्ध हरपली की 'पास आउट' किंवा 'ब्लॅक आउट'. आणि एक 'रूल आउट'. हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी दिवसातून कितीदा येतो याला गणती नाही. 'वी वाँट टू रूल आउट टीबी' या वाक्यात नातेवाइकांना फक्त टीबी ऐकू येतो आणि घरी रडारड सुरू होते. डॉक्टर म्हणत असतात ते इतकंच, की टीबी नाही याची खात्री करून घेऊ. शंका काढून टाकण्यासाठीची तपासणी आणि रोगाचं निदान यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर कळण्यासाठी हे एक क्रियापद प्रत्येक घरात पोचायला हवं.

बरं होण्याची क्रियापदं थोडी आहेत पण सुंदर आहेत. साध्या दुखण्यातून उठला तर 'गॉट ओव्हर इट', जिवावरच्या दुखण्यातून वाचला तर 'पुल्ड थ्रू', शुद्धीवर आला तर 'केम राउंड', आणि अमेरिकेत 'केम टू'.

व्याकरणातली एक खोच इथेच सांगायला हवी. काही जोड्या मधे सर्वनाम घेतात : 'फाइट इट ऑफ', 'शेक इट ऑफ', 'थ्रो इट अप'. काही घेत नाहीत : 'गेट ओव्हर इट' म्हणायचं, 'गेट इट ओव्हर' नाही. याला सोपा नियम शोधत बसण्यापेक्षा जोडी कानाने उचललेली बरी, मराठी मूल 'ताप आला' आणि 'खोकला झाला' उचलतं तशी.

याहून मोठा फरक वाक्याच्या कर्त्यात आहे. मराठीत आजार कर्ता असतो आणि माणूस चतुर्थीत बसतो : मला ताप आला, तिला चक्कर येते, बाळाला सर्दी झाली. आजार येतो, होतो, लागतो. माणूस फक्त त्याच्या वाटेत असतो. इंग्रजीत माणूस पुढे येतो : 'आय हॅव अ फीवर', 'शी फील्स डिझी', 'द बेबी कॉट अ कोल्ड'. तिकडे सर्दी पकडतात. मराठी वळणावर विचार करून इंग्रजी बोललं, की 'माय हेड इज पेनिंग' आणि 'आय ॲम हॅविंग फीवर सिन्स थ्री डेज' ही वाक्यं तयार होतात. भारतात ती सर्वांना समजतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. परदेशात 'माय हेड हर्ट्स' आणि 'आय हॅव हॅड अ फीवर फॉर थ्री डेज' म्हणावं. दिवसांचा आकडा सांगायचा तर 'फॉर', आणि सोमवारपासून असं सांगायचं तर 'सिन्स'. तापाचा आजचा तिसरा दिवस आहे की गेल्या आठवड्यात तीन दिवस येऊन गेला, यावर तपासण्या ठरतात, म्हणून काळाचा हा घोळ नुसता व्याकरणाचा राहत नाही.

खरे धोक्याचे शब्द मात्र ओळखीचेच असतात. आपल्याकडे मुलगा कॉलेजातून 'पासआउट' होतो आणि पेढे वाटले जातात. इंग्लंड-अमेरिकेत 'ही पास्ड आउट लास्ट नाइट' म्हटलं तर लोक ॲम्ब्युलन्स बोलावली का असं विचारतील. मराठीतला कफ संस्कृतातला, त्याचा अर्थ छातीतला चिकट द्रव. इंग्रजीतला 'कॉफ' म्हणजे खोकला. उच्चाराच्या सारखेपणामुळे 'छातीत कफ साठलाय' याचं 'देअर इज कॉफ इन माय चेस्ट' होतं आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. कफाला तिकडे 'फ्लेम' किंवा 'म्यूकस' म्हणायचं. पित्ताची तर दुहेरी अडचण. 'पित्त झालंय' म्हणजे आंबट ढेकर, जळजळ, डोकं चढणं. 'पित्त उठलंय' म्हणजे अंगावर गांधी. पहिल्याला 'हार्टबर्न', दुसऱ्याला 'हाइव्ज'. आणि हार्टबर्नचा हार्टशी काही संबंध नाही, हे सांगून ठेवावं लागतं.

'बीपी आहे' हे मराठीत निदान आहे, इंग्रजीत ते प्रत्येक जिवंत माणसाला असतं. 'हाय ब्लड प्रेशर' असं पूर्ण म्हणायला हवं. 'लूज मोशन' भारताबाहेर बहुतेकांना कळत नाही, 'डायरिया' कळतो. 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट हा बहुतेक वेळा आनंदाचा नसतो, आणि 'निगेटिव्ह' ऐकून घाबरलेल्या माणसाला डॉक्टर हसून का बघतायत ते समजत नाही. 'ॲक्यूट' म्हणजे भयंकर नव्हे, अचानक सुरू झालेलं. 'क्रॉनिक' म्हणजेही भयंकर नव्हे, दीर्घकाळ चाललेलं. लंडनमध्ये 'कम टू द सर्जरी ॲट टेन' असा फोन आला तर ऑपरेशनची तयारी करू नये. तिथे डॉक्टरांच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात. कल्याणच्या रेल्वे कामगाराचा जुना 'सिक'ही तिकडे वेगळा वागतो : 'ही वॉज सिक इन द कार' म्हणजे त्याला गाडीत उलटी झाली.

ओळखीच्या वाटणाऱ्या एका शब्दाने काय होऊ शकतं याचं उदाहरण वैद्यकीय दुभाष्यांना आजही शिकवलं जातं. १९८० साली फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या क्यूबन वंशाच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. घरच्यांनी स्पॅनिशमध्ये 'इंतोक्सिकादो' म्हटलं. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काही बाधलं असा होतो. ऐकणाऱ्यांना तो इंग्रजीतला 'इंटॉक्सिकेटेड' वाटला, आणि उपचार सुरू झाले अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता, तो उशिरा कळला. त्याचे हातपाय कायमचे गेले. पुढे जवळजवळ ७ कोटी १० लाख डॉलरच्या भरपाईवर प्रकरण मिटलं. दुभाष्या बोलावला गेला नव्हता, कारण शब्द समजला अशीच ऐकणाऱ्यांची समजूत झाली होती.

वेदनेच्या शब्दांत मराठी श्रीमंत आहे, आणि ही श्रीमंती इंग्रजी शिकताना कामाला येते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनी पेशंट वेदनेसाठी कोणते शब्द वापरतात ते गोळा केलं आणि १९७५ मध्ये त्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात ७८ शब्द आहेत, २० गटांत मांडलेले. त्यांचं म्हणणं असं, की दुखतं किती एवढंच विचारून भागत नाही. दुखतं कसं, हे शब्दांतून कळलं तर कारणाचाही माग लागतो. मराठी घरात हे आधीपासून चालत आलेलं आहे. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, कमरेत चमक भरते, पायात गोळा येतो, पोटात मुरडा येतो, जखमेला औषध झोंबतं, डोळे चुरचुरतात, छातीत जळजळतं, काटा सलतो, हाताला मुंग्या येतात. या प्रत्येकाला इंग्रजीत आपापला शब्द आहे. ठणका म्हणजे 'थ्रॉबिंग', चमक 'शूटिंग', गोळा आणि मुरडा 'क्रॅम्प', झोंबणं 'स्टिंगिंग', जळजळ 'बर्निंग', मुंग्या 'पिन्स अँड नीडल्स'. हात लावल्यावरच दुखत असेल तर 'टेंडर'. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत असेल तर 'प्रेशर' किंवा 'टाइटनेस', आणि हा शब्द हृदयविकाराची शंका घेणाऱ्या डॉक्टरला लगेच जागा करतो. सरसकट 'पेन' म्हणणारा माणूस मराठीत कधीच सरसकट 'दुखतं' म्हणून थांबत नाही. मग इंग्रजीतच का थांबावं?

वेदनेलाही क्रियापदं लागतात. दुखणं सुरू कधी झालं, याला 'व्हेन डिड इट कम ऑन?' कशाने होतं, याला 'व्हॉट ब्रिंग्ज इट ऑन?' थांबून थांबून येतं तर 'इट कम्स अँड गोज', आणि हळूहळू कमी होतं तर 'इट ईझेस ऑफ'. हे दोन प्रश्न ओळखता आले आणि ही दोन उत्तरं तयार असली, तर डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं.

आता हे इंग्रजी कुणाला हवं? परदेशी जाणाऱ्या नर्सेसना तर हवंच. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या शेवटी तयार झालेली ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे ओईटी, ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलने २०१७ पासून मान्य केली. तिच्या लेखी भागात पेशंटच्या नोंदी वाचून ४५ मिनिटांत एक पत्र लिहायचं असतं. तोंडी भागात साधारण पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद असतात, त्यात समोरची व्यक्ती पेशंट किंवा नातेवाईक होते. इथे नामांचा साठा पुरत नाही. समोरचा 'आय कान्ट शेक इट ऑफ' म्हणाला तर ते ओळखायचं असतं, आणि 'इम्यून रिस्पॉन्स' न म्हणता 'युअर बॉडी इज फायटिंग इट ऑफ' असं साध्या भाषेत समजावायचं असतं. लेखी पत्रात नेमकं उलटं, तिथे 'थ्रू अप' नको, 'व्हॉमिटेड' हवं. दोन्ही इंग्रजी येणं आणि कोणतं कुठे वापरायचं हे कळणं, याचीच ही परीक्षा आहे.

आपल्याकडे इंग्रजी शिकवण्याची रीत जुन्या काळापासून भाषांतराची. तर्खडकरांच्या पाठमालेवर पिढ्या घडल्या, आणि २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. पण फ्रेझल व्हर्ब अजूनही बऱ्याच ठिकाणी अकारविल्हे यादीतून पाठ करवले जातात, आणि यादीतलं क्रियापद परीक्षेनंतर टिकत नाही. आजारपणाला तर मुळातच गोष्टीसारखा क्रम असतो : लागणं, वाढणं, उतरणं, उठणं. त्याच क्रमाने क्रियापदं घेतली तर ती डोक्यात बसतात. पोराने शाळेतून सर्दी आणली, 'ही पिक्ड अप अ कोल्ड'. दोन दिवसांत आई आजारी पडली, 'शी केम डाउन विथ इट'. रात्री उलट्या झाल्या, 'शी थ्रू अप'. सकाळी चक्कर येऊन पडली, 'शी पास्ड आउट'. मिनिटाभरात शुद्धीवर आली, 'शी केम राउंड'. औषधाने ताप उतरला, 'द फीवर केम डाउन'. औषधाचा असर संपला तसा पुन्हा चढला, 'इट वेंट अप अगेन व्हेन द मेडिसिन वोअर ऑफ'. आठवड्याने बरी झाली, 'शी गॉट ओव्हर इट'. प्रत्येकाने आपल्याच घरातल्या मागच्या आजारपणाची अशी हकीकत आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगून पाहावी. तिच्यात येणारी दहा-बारा क्रियापदं कुठल्याही यादीतल्या दोनशेंपेक्षा उपयोगी पडतील.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची अक्षरं हा याच अभ्यासाचा छोटा भाग. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. ही सगळी लॅटिन वाक्प्रचारांची आद्याक्षरं आहेत. मोहन्याच्या मेडिकलवाल्याला ती पाठ असतात आणि तो गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-दुपार-रात्र अशा खुणा करून देतो. परदेशात हीच माहिती पाकिटावर पूर्ण वाक्यात छापलेली असते, ती वाचून समजून घ्यावी लागते.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी सर्वांत निकडीची वेळ फोनची. इथे १०८ ला फोन लावला तर पलीकडचा माणूस मराठीत बोलतो. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९ वर घर कुठे आहे आणि झालं काय, हे विचारलंच जातं, आणि पेशंटचा श्वास चालू आहे का, तो शुद्धीवर आहे का, हे प्रश्न फार लवकर येतात. उत्तरं छोटी असली तरी चालतात : 'शी पास्ड आउट', 'शी इज ब्रीदिंग', 'शी हॅज नॉट कम राउंड'. घराचा पत्ता इंग्रजीत लिहून फ्रिजवर चिकटवलेला असावा. औषधांची नावं पर्समध्ये असावीत. आणि रुग्णालयात पोचल्यावर भाषा अडली तर दुभाष्या मागावा. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे ही सोय पेशंटला विनामूल्य करून द्यावी लागते. ब्रिटनच्या एनएचएसमध्येही तिचे पैसे पडत नाहीत. त्यासाठी 'मराठी इंटरप्रिटर, प्लीज' एवढं म्हटलं तरी पुरतं, आणि यात क्रियापदाची गरज नाही.